सहा मोजून एक सूर

दुकानातल्या काचेवर तीन रेकॉर्डर आडवे ठेवले होते आणि वहिनीला तिन्ही अगदी सारखे दिसत होते. रेकॉर्डर म्हणजे टेप घालून ऐकायचा नव्हे. तोंडाने फुंकायचा, उभा धरायचा, बासरीच्या कुळातला. पण बासरी म्हणावी तर हा चांगला दीड हात लांब, तीन तुकडे एकात एक बसवलेला, तोंडाशी चोच आणि बुडाशी करंगळीने दाबायची पट्टी.

“यातला टेनर कोणता?” तिने विचारलं.

“तिन्ही टेनरच आहेत,” दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

“मग तीन कशाला?”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि समजावून सांगायला घेतलं. पहिल्याची भोकं एकमेकांपासून लांब-लांब आहेत, तो मोठ्या पंजाच्या माणसाला बरा. दुसऱ्याला खाली दोन पट्ट्या आहेत, म्हणजे करंगळीला फार ताणावं लागत नाही. तिसऱ्याला मधेही पट्ट्या आहेत, अगदी आखूड बोटांसाठी, पण त्या वाजवताना टकटक करतात. वहिनी मान हलवत होती आणि दर वाक्याला आधीचं वाक्य विसरत होती. शेवटी बाई म्हणाल्या, “खरं सांगू? शिकायचंच असेल तर लाकडी घ्या. आतल्या कपाटात आहे. प्लास्टिक शेवटी प्लास्टिकच.”

“का? प्लास्टिकला काय झालं?” वहिनीचा आवाज एकदम चढला.

इथे तिच्या पोटापाण्याला हात घातला होता. वहिनी कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवायचे आणि ती आपल्या कारखान्यात, म्हणजे एका लांबट खोलीत, त्यावरून गुलाबी प्लास्टिकच्या हिरड्या आणि पांढरे दात घडवायची. सत्तावीस वर्षं प्लास्टिक उकळून, घासून, चमकवून तिचे हात कोरडे पडले होते. शहरातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या प्लास्टिकने चावत होती, आणि ही बाई म्हणते शेवटी प्लास्टिकच! तिने मधला टेनर उचलला, सांध्यावर नख फिरवून पाहिलं, भोकाच्या कडेला बोट लावून पाहिलं, आणि बाई बघत असताना नाकाशी नेऊन हुंगलाही.

“कड छान मारली आहे,” ती म्हणाली. “हा द्या.”

आयुष्यातला एक तरी निर्णय तिने शहाणपणाने घेतला असेल तर तो हा. पुढे जो घोळ झाला त्यात बिचाऱ्या वाद्याचा काडीचाही दोष नव्हता.

घोळाचं मूळ बाईंच्या पुढच्या बोलण्यात होतं, आणि त्याही अगदी सरळ मनाने बोलल्या. त्यांनी विचारलं, घरी लहान रेकॉर्डर कुणाकडे आहे का. वहिनी म्हणाली, “नणंदेकडे आहे. ती वाजवते. म्हणजे वाजवायची.”

“मग तुमचं काम सोपं झालं. लहान सोप्रानो आणि हा टेनर, दोघांची बोटं सारखीच. फक्त हा एक सप्तक खाली बोलतो. मधला आल्टो घेतला असतात तर सगळी बोटं नव्याने शिकावी लागली असती. त्यांच्याकडे जे पुस्तक असेल तेच घ्या आणि लागा कामाला.”

वहिनी लागली कामाला.

आता ही नणंद. घरात आणि आसपास सगळे तिला ताई म्हणत, वहिनी एकटी जुन्या पद्धतीने वन्सं म्हणायची. वन्संनी लग्न केलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केली आणि धाकट्या भावाबरोबर राहिल्या. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला धड चहासुद्धा करता येत नव्हता, आणि वन्संनी ही गोष्ट सासूच्या कानावर जाऊ दिली नाही. पहिलं वर्षभर चहा वन्संनी करायचा आणि कपबशा घेऊन बाहेर वहिनीने यायचं, असा दोघींचा गुपचूप करार होता. सासू कौतुक करायची, वहिनी लाजायची, आणि आत वन्सं पातेलं घासत उभ्या असायच्या. वहिनी हे कधीच विसरली नाही. वन्सं तिला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळच्या होत्या, आणि असं तोंडावर म्हणायची दोघींना सवय नव्हती.

दर शनिवारी चार वाजता वन्संकडे चौघे जमायचे. वन्संचा लहान सोप्रानो, शिंपीणबाईंचा आल्टो, निवृत्त टपालवाल्यांचा टेनर, आणि खर्ज वाजवणारे एक आजोबा, ज्यांची कवळी वहिनीनेच केली होती आणि जे दर आठवड्याला फुंकताना ती सुटते म्हणून तिला ऐकवायचे. बाहेरच्या खोलीत दीड तास चालायचं. मग शिंपीणबाई मुलाकडे राहायला गेल्या. टपालवाल्यांना दमा लागला आणि ते आपलं वाद्य आणि पुस्तक घेऊन घरी बसले. खर्जवाले आजोबा दोन शनिवार एकटेच आले, दोघांत काही जमेना, मग तेही यायचे थांबले.

त्यातच गेल्या वर्षी वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने त्या झोपून होत्या, आणि वहिनीने सगळं अंगावर घेतलं. सकाळचा चहा, इस्त्री, पडद्यांची शिवण, भाजी निवडणं, कुंड्यांना पाणी, जे जे वन्संचं म्हणून घरात होतं ते सगळं. गुडघा बरा झाला. वन्सं उठून चालायला लागल्या, पण त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या की वहिनी म्हणायची, “तुम्ही बसा हो वन्सं.” इस्त्रीकडे हात गेला की “राहू द्या, मी करते.” मनापासून म्हणायची. वन्सं बसायच्या. खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्यावर दिवसभर बसायच्या.

आणि एक दिवस फुलदाणीखाली वहिनीला एक फॉर्म सापडला. निवृत्त बायकांच्या वसतिगृहाचा. कोरा होता, पण नीट चार घड्या घालून ठेवलेला.

वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने तो होता तसा ठेवून दिला आणि कुणाला काही विचारलं नाही. दोन दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. एका कवळीला वरच्या जागी खालचे दात बसवून बसली. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, आपल्याला कळलं. वन्संचं वाजवणं बंद पडलं म्हणून त्या अशा झाल्या. जोडीदार हवा. टपालवाल्यांची जागा रिकामी आहे ना? ती आपण भरू. वन्सं परत वाजवू लागतील, आणि तो फॉर्म जाईल केराच्या टोपलीत.

म्हणून तो टेनर.

शिकायचं गुपचूप होतं, म्हणून तिने वन्संच्या कपाटातलं पुस्तक एका सकाळी पिशवीत घालून नेलं, झेरॉक्स काढली आणि संध्याकाळी जागच्या जागी ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याचं दार लावून ती बसायची. समोर फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून. तिचं वाजवणं पहिल्यांदा ऐकलं ते त्यांनी.

सुरुवातीला काही म्हणता काही उमगेना. जोरात फुंकलं की किंचाळतो, हळू फुंकलं की नुसता वारा जातो. सगळी भोकं झाकून सगळ्यात खालचा सूर काढायचा म्हणजे तर परीक्षाच. उजव्या हाताचं तिसरं बोट केसाइतकं सरकलं की सूर फाटायचा, आणि कुठलं बोट सरकलं ते काही केल्या कळायचं नाही, कारण बघायला गेलं की वाद्य तोंडातून सुटायचं. डाव्या अंगठ्याने मागचं भोक अर्धंच उघडायचं, म्हणजे नक्की किती, हे पुस्तकात लिहिलंच नव्हतं. वीस मिनिटं झाली की चोचीत पाणी साचून आवाज घोगरा व्हायचा. तिला वाटायचं, बिघडला. मग तिच्या लक्षात आलं की काखेत धरून आधी गरम केला की पाणी साचत नाही. ही युक्ती आपण शोधून काढली असं समजून ती दोन दिवस खूश होती. नंतर आठवलं, वन्संही शनिवारी पावणेचारला काखेत काहीतरी धरून हिंडायच्या, आणि आपल्याला वाटायचं त्यांना थंडी वाजते.

पण हात कारागिराचे होते. बोटं हळूहळू आपली आपण भोकांवर बसायला लागली. वन्संनी पेन्सिलीने जिथे जिथे श्वास घ्यायच्या खुणा केल्या होत्या, तिथे तिथेच वहिनी श्वास घ्यायला शिकली. तीन महिन्यांत तिला त्या पुस्तकातल्या चार चाली सुरेख यायला लागल्या.

एका शनिवारी बरोबर चार वाजता तिने बाहेरच्या खोलीत टेनर आणला. नवरा पेपर वाचत होता. वन्सं खिडकीपाशी होत्या.

“वन्सं, ऐका हं,” ती म्हणाली आणि वाजवायला लागली.

वन्संची सगळ्यात आवडती चाल. खालच्या सप्तकात, जाडसर, उबदार आवाजात ती अख्खी वाजली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न फाटता. नवऱ्याने पेपर खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. “अगं, हे कधी शिकलीस? मला वाटलं दुपारी कारखान्यात झोपतेस.”

वहिनी वन्संकडे बघत होती. वन्संच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग आनंदही होता, तिने तो स्पष्ट पाहिला. मग चाल पुढे गेली तसा तो आनंद कुठेतरी निघून गेला, आणि कुठे गेला हे तिला समजेना.

“छान,” वन्सं म्हणाल्या. “सगळं आलं की तुला.”

त्या उठून आत गेल्या आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला आपला सोप्रानो घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी वहिनीच्या मांडीवर ठेवला.

“हाही तुझ्याकडेच राहू दे. मला आता काय करायचाय? वाजवायला घरात माणूस आहे.”

त्याच संध्याकाळी त्यांनी फॉर्म भरला. लपवूनसुद्धा नाही, जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून, भावाचं पेन मागून घेऊन भरला. पहिल्या तारखेपासून जागा आहे म्हणाल्या.

“ताई, अगं, इथे काय कमी आहे तुला?” नवऱ्याने विचारलं.

“काहीच कमी नाही.”

“मग?”

“तिथे वाचनालयाचं एक कपाट आहे,” वन्सं म्हणाल्या. “पुस्तकं कशीही कोंबलीत. मी लावून देईन म्हटलं. आणि भाजी सगळ्याजणी मिळून निवडतात.”

वहिनीच्या डोक्याचा भुगा झाला. घरात आयता चहा, आयतं जेवण, बसायला खिडकी, आणि बाई चालल्या दुसऱ्यांची भाजी निवडायला! तिने नवऱ्याला सांगितलं की आपलं वाजवणं वाईट असणार. वन्संचा कान तयार आहे, त्यांना सहन झालं नसेल, पण त्या बोलणार नाहीत. नवरा म्हणाला, “मला तर बरं वाटलं.” नवऱ्याला गजराचं घड्याळही बरंच वाटायचं, त्यामुळे या शिफारशीचा तिला काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती टेनर घेऊन दुकानात गेली.

“यात काहीतरी खोट आहे,” ती म्हणाली.

“वाजवून दाखवा.”

तिने वाजवलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “वाद्य ठणठणीत आहे. तुमची बोटंही छान पडतात. प्लास्टिकबद्दल मी बोलले ते मागे घेते. पण हे टेनरचं नाही.”

“म्हणजे?”

“हे वरच्याचं आहे. सोप्रानोचं. चौघांची चार पुस्तकं वेगळी असतात. टेनरचं वेगळं मिळतं.” त्यांनी खालच्या खणातून तेच मुखपृष्ठ असलेलं एक पातळसं पुस्तक काढलं. “बोटं सारखी असतात म्हटलं मी. भाग सारखा असतो असं कुठे म्हटलं?”

म्हटलं नव्हतं, हे खरंच. वहिनी ते पुस्तक घेऊन कारखान्यात आली, तीच आवडती चाल उघडली आणि वाजवायला लागली. आणि तिला काही कळेनासं झालं.

ही चालच नव्हती. दोन सूर, मग थांबा. एक लांबलचक सूर, नुसताच, कशाचा कशाला पत्ता नाही. मग चार सूर, तेही एकच सूर चारदा. मग एक उडी, मग परत थांबा. आणि मधेच एक भलताच प्रकार: सूर लिहायच्या पाच रेघांच्या मधोमध एक जाड काळी आडवी पट्टी आणि तिच्या डोक्यावर सहाचा आकडा. सोप्रानोच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. तिने विचार केला, जाड आहे म्हणजे जोरात असणार. सहा म्हणजे सहापट लांब. तिने आधीचाच सूर धरला आणि तो सहा घरं पुरेल इतका ओढायचा प्रयत्न केला. दोन उभ्या रेघांच्या मधल्या जागेला वन्सं घर म्हणायच्या, एवढं तिने ऐकलं होतं. तिसऱ्या घरात तिचा दम संपला, पाचव्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले.

हे चौघांपैकी एक माणूस दर शनिवारी वाजवायचा? आणि दम्याला कारण काय, म्हणून सगळे हळहळत होते!

आठवडाभर तिने ते गिळायचा प्रयत्न केला. पुस्तकच चुकीचं छापलंय, असं तिने ठरवून टाकलं. इकडे वन्संची एक बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि रोज तिच्यात एकेक गोष्ट जात होती. पहिली तारीख सोमवारी होती.

शुक्रवारी एका नव्या डॉक्टरांकडून साचा आला. खालचा जबडा, छान, स्वच्छ. वरचा नाही. दोन्ही जबडे कसे मिटतात ते दाखवणारं, चावून घेतलेलं मेणही नाही. वहिनीने फोन उचलला आणि त्या डॉक्टरला फैलावर घेतलं.

“डॉक्टर, वरचा जबडा कुठाय? नुसता खालचा बघून मी काय करू? हा दात इथे उंच का, इथे बुटका का, इथे फट का, ते मला वरचा बघितल्याशिवाय कसं कळणार? खालची कवळी एकटी कधी करतात का? कोणी शिकवलं तुम्हाला?”

तिने फोन आपटला. मग फळीवर ठेवलेल्या त्या एकट्या जबड्याकडे बघत ती बराच वेळ उभी राहिली. त्याच्या शेजारी टेनरचं पुस्तक उघडं होतं. तिला सगळं काही कळलं असं नाही. जाड पट्टी अजून जाड पट्टीच होती. पण पुस्तक चुकीचं छापलंय असं मात्र तिला आता छातीठोकपणे म्हणवेना.

शनिवारी चार वाजता ती पुन्हा बाहेरच्या खोलीत बसली. एका बाजूला वन्संचं पुस्तक तिने मुद्दाम उघडून ठेवलं, आणि पिवळ्या फडक्यातला सोप्रानो टेबलाच्या खणात. वन्सं आत बॅग भरत होत्या. काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं, म्हणून तिने वाजवायला सुरुवात केली.

दोन सूर. थांबा. लांबलचक सूर. एकच सूर चारदा. नवरा पेपराआडून म्हणाला, “ही कुठली चाल?”

“तुम्ही गप्प बसा.”

मग जाड पट्टी आली. वहिनीने छाती भरून घेतली आणि सूर धरला. एक घर. दोन घरं. दम संपला, तिने मधेच श्वास घेतला आणि परत तोच सूर धरला. तीन. चार.

“अगं, बोट सुटतेय का बंदरातून?” नवरा म्हणाला.

“काय चाललंय काय ते!” आतून वन्संचा आवाज आला. असा खणखणीत आवाज घरात वर्षभर निघाला नव्हता. त्या हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल घेऊन दारात आल्या. “वहिनी! तिथे वाजवायचं नसतं!”

“पण इथे जाड पट्टी आहे. सहाचा आकडा आहे.”

“सहा घरं गप्प बसायचं असा त्याचा अर्थ आहे. चार-चार मोजत. सहा संपली की मग तुझा सूर.”

“सहा घरं नुसतं गप्प?” वहिनी खरोखरच गोंधळली होती. “आणि तेवढा वेळ तिथे काय असतं मग?”

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. टॉवेलची घडी सुटून लोंबत होती.

“तिथे मी असते,” त्या म्हणाल्या.

वहिनीला सकाळचा चहा दिसला, इस्त्री दिसली, पडदे दिसले, कुंड्या दिसल्या. ती खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची दिसली, जी तिने स्वतः गादी शिवून मऊ केली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. वर्षभर, घरातल्या प्रत्येक जाड पट्टीवर, छाती भरून घेऊन ती एकटीच वाजवत सुटली होती. आणि तेवढं पुरलं नाही म्हणून चोरून झेरॉक्स काढून वन्संची चालही तिने घेतली होती.

वन्सं दारात उभ्या होत्या, एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेत. “तुम्ही बसा हो वन्सं” हे वहिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“मला एकटीला मोजता येत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही वर असल्याशिवाय मला यातलं काही समजत नाही. काही म्हणजे काही नाही.”

वन्सं दारातून पुढे आल्या. मग टॉवेल त्यांनी भावाच्या मांडीवर टाकला, जसा खुंटीवर टाकावा तसा.

“माझा कुठे ठेवलास?”

“खणात.”

त्यांनी सोप्रानो काढला, फडकं सोडलं, काखेत धरला आणि खोलीतून दोन फेऱ्या मारल्या. मग दुसरी खुर्ची ओढून पुस्तकासमोर बसल्या. पुस्तकाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“पहिल्यापासून. दोन सूर काढून थांब. घाई नको.”

वहिनीने दोन सूर काढले आणि थांबली, आणि त्या थांबलेल्या जागेत वन्संची चाल येऊन बसली. लांबलचक सूर, जो तिला आठवडाभर निरर्थक वाटला होता, तो आता त्या चालीखाली नुसता पसरला. एकच सूर चारदा वाजवायचा होता, आणि दर वेळी वर काहीतरी वेगळं घडत होतं, त्यामुळे तो सूरही दर वेळी वेगळा वाटत होता. फट होती तिथे उंचवटा बसत होता. जाड पट्टी आली. वहिनीने वाद्य खाली घेतलं आणि मोजायला लागली, एक दोन तीन चार, मग दुसऱ्या घराला दोन दोन तीन चार, आणि वन्सं एकट्या पुढे गेल्या, उंच, बारीक, स्वच्छ. तिसऱ्या घरापर्यंत वहिनीने मोजलं. नंतर तिच्या हातून मोजायचं राहून गेलं.

वन्संनी वाजवायचं थांबवलं. “आली का नाहीस?”

“ऐकत होते.”

“टपालवालेही नेमके तिथेच ऐकत बसायचे. बारा वर्षं सांगितलं त्यांना.” वन्संनी सोप्रानोची चोच फडक्याने पुसली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता. “पुन्हा. हे एवढं बसायला तुला सहा महिने लागतील.”

“पण सोमवारी तर तुम्ही...” वहिनीला वाक्य पुरं करवेना.

“सोमवारी जाईन ना. त्यांचं कपाट लावून देते म्हणून कबूल केलंय, ते लावून देईन. संध्याकाळपर्यंत होईल.” वन्सं भावाकडे वळल्या. “तो टॉवेल कपाटात ठेव. आणि बॅगेतलं बाकीचंही. इस्त्रीचे कपडे चुरगाळू नकोस, नाहीतर सगळी इस्त्री मला परत करावी लागेल.”

नवरा टॉवेल घेऊन मुकाट्याने आत गेला.

“आणि उद्यापासून सकाळचा चहा मी करणार,” वन्सं म्हणाल्या. “तुझा अजूनही पाणचटच होतो.”

वहिनीचा चहा पाणचट होत नव्हता. सव्वीस वर्षांत एकदाही झाला नव्हता, आणि हे दोघींनाही माहीत होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

वन्संनी सोप्रानो ओठांना लावला. वहिनी गप्प राहिली आणि मोजायला लागली.